रोमन नाण्यांवरील दूतदंड : ओळखावा कसा आणि वाचावा कसा

रोमन नाण्यांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याचे लक्ष साहजिकच दर्शनी बाजूवरील सम्राटाच्या चेहऱ्याकडे जाते. मागच्या बाजूवर उभ्या असलेल्या स्त्रीप्रतिमा त्याला एकसारख्या वाटतात आणि त्यांच्या हातांतील वस्तू म्हणजे झिजलेल्या रेघा भासतात. वास्तविक राज्यकर्त्याला प्रजेला जे सांगायचे होते, ते याच वस्तूंमधून सांगितलेले असते. त्यांपैकी एकाच वस्तूचा विचार या लेखात केला आहे. ती वस्तू म्हणजे दोन सापांनी वेढलेला दूतदंड, ज्याला लॅटिनमध्ये ‘कादूकेउस’ म्हणत आणि आज नाणेसंग्राहक इंग्रजी वळणाने ‘कॅड्यूसिअस’ म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील ओतीव कांस्य नाण्यांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे चिन्ह रोमन नाण्यांवर सातत्याने आढळते.

नवख्या अभ्यासकाने एक गोष्ट आरंभीच मनाशी ठरवावी. हा दंड एकटा अर्थ सांगत नाही. तो कोणाच्या हातात आहे, दुसऱ्या हातात काय आहे, भोवती कोणते शब्द आहेत आणि नाणे कोणत्या वर्षी पाडले गेले, या चार प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने शोधली, तरच तो बोलू लागतो. पुढील पायऱ्या त्या क्रमानेच मांडल्या आहेत.

सुरुवातीला : हा दंड होता कशासाठी

युद्धमान पक्षांमध्ये निरोप नेणाऱ्या दूताच्या हातातील ही काठी होती. ती हाती असलेल्या माणसावर शस्त्र उचलणे निषिद्ध मानले जाई. देवांचा दूत मर्क्युरी, म्हणजे ग्रीकांचा हर्मीस, हा तिचा पुराणातील धनी. अपोलो देवाला वीणा देऊन त्याने मोबदल्यात काठी मिळवली, आणि झुंजणाऱ्या दोन सापांमध्ये ती टाकताच ते वैर सोडून तिच्याभोवती गुंफले गेले, अशी कथा प्राचीन काळी सांगितली जाई. चिन्हातील साप विषाची किंवा औषधाची नव्हे, तर मिटलेल्या भांडणाची खूण आहेत, हे या कथेमुळे लक्षात राहते.

रोमन मनात या दंडाचे स्थान काय होते, हे दुसऱ्या शतकातील लेखक ऑलस गेलियस याने नोंदवलेल्या एका प्रसंगातून अधिक स्पष्ट होते. रोमन सेनापती क्विन्तुस फाबियस याने उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या शत्रुराज्याच्या लोकांना पत्र धाडून कळवले, की रोमन जनतेने त्यांच्याकडे एक भाला आणि एक दूतदंड पाठवला आहे, त्यांतील एक युद्धाची आणि दुसरी शांततेची खूण आहे, आणि त्यांना हवी ती त्यांनी निवडावी. आम्ही दोहोंपैकी काहीही निवडत नाही, आणणाऱ्यांना जे ठेवून जावेसे वाटेल ते त्यांनी ठेवावे, असे कार्थेजकडून उत्तर आले. नाण्यावर दूतदंड दिसला की ही भाल्याची जोडी आठवावी, कारण रोमन माणसाच्या दृष्टीने शांतता म्हणजे नुसते स्वास्थ्य नव्हते. युद्ध शक्य असताना केलेली ती निवड होती. त्या शांततेच्या मागोमाग व्यापार, पीकपाणी आणि सुखाचे दिवस येतात, हा विचार पुढे त्याच चिन्हाला चिकटला आणि सम्राटांच्या काळात तोच प्रधान झाला.

पहिली पायरी : आकार नेमका ओळखणे

दिनारियस हे रोमन चांदीचे नाणे साधारण १७ ते २० मिलिमीटर व्यासाचे असते, आणि त्यावरील प्रतिमेच्या हातातील दंड अनेकदा दोन-तीन मिलिमीटरच भरतो. इतक्या लहान जागेत साचा कोरणाऱ्याने सापांची शरीरे, डोकी आणि शेपट्या दाखवणे अपेक्षितच नाही. त्याने काठीच्या टोकाला एक पूर्ण वळसा आणि त्यावर तोंड उघडे राहिलेला दुसरा वळसा एवढेच कोरलेले असते. इंग्रजी आठच्या आकड्याचा वरचा भाग उघडा ठेवावा, तशी ही आकृती दिसते. नाणे झिजले की वरचा उघडा भाग आधी नाहीसा होतो आणि काठीच्या टोकाला नुसते कडे उरते. म्हणून दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि नाण्यावर वरून प्रखर उजेड पाडण्याऐवजी तो एका बाजूने, तिरपा पाडावा. नाणे हळूहळू फिरवत राहिले, तर सावलीच्या फरकाने वळसे उठून दिसतात.

दंडाचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला पंख असलेला. तो प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांपूर्वीच्या राजवटीच्या, अखेरच्या काळात आणि सम्राटांच्या पहिल्या शतकात अधिक आढळतो, आणि पुष्कळदा कोणाच्याही हातात नसून स्वतंत्रपणे नाण्याच्या मध्यभागी असतो. दुसरा आखूड, हातात तिरका धरलेला, जो पहिल्या आणि दुसऱ्या शतकातील नाण्यांवर नेहमीचा आहे. तिसरा लांब, जमिनीवर टेकवलेला, प्रतिमेच्या खांद्याइतका किंवा त्याहूनही उंच. तिसऱ्या शतकात हा फार लोकप्रिय झाला. नवखे लोक सर्वाधिक फसतात ते या तिसऱ्या प्रकाराला, कारण त्याची काठी राजदंडासारखी दिसते आणि वळसे अगदी वरच्या टोकाला, नाण्याच्या कडेवरील अक्षरांत मिसळून गेलेले असतात.

आता दूतदंडाशी घोटाळा होणाऱ्या वस्तू पाहू. राजदंडाच्या टोकाला एकच गोल बोंड असते. वैद्यकदेवता एस्क्युलेपियसच्या जाड काठीला एकच साप विळखा घालतो आणि ती काठी जमिनीवर टेकलेली असते. सम्राट काराकाल्लाने इसवी सन २१५ च्या सुमारास पाडलेल्या दिनारियसवर हा देव स्पष्ट पाहायला मिळतो, तेव्हा तुलनेसाठी ते नाणे एकदा पाहून घ्यावे. आरोग्यदेवता सालुसच्या नाण्यांवरही साप असतो, परंतु तो वेदीवरून वर उठतो किंवा तिच्या हातावर असतो आणि तिने पुढे केलेल्या पात्रातून पितो. तो काठीला गुंडाळलेला नसतो. सम्राट देकियसच्या नाण्यांवरील दाकिया प्रांताची प्रतिमा पशुमुख असलेली काठी धरते. झिजलेल्या नाण्यावर ते मुख हुबेहूब दूतदंडाच्या वळशासारखे भासते. आजच्या काळात दोन सापांचा दंड वैद्यकीय संस्थांच्या बोधचिन्हांवरही वापरला जात असल्यामुळे अनेक वाचक रोमन नाण्यावर तो दिसताच आरोग्याचा अर्थ लावतात. रोमन नाण्यांच्या बाबतीत हा अर्थ पूर्णपणे बाजूला ठेवावा.

दुसरी पायरी : दंड कोणाजवळ आहे

दंडाची ओळख पटल्यावर तो धरणाऱ्याकडे वळावे. चार शक्यता असतात : मर्क्युरी, फेलिकितास, पाक्स, किंवा मिळवलेले दोन हात.

मर्क्युरी ओळखायला सर्वांत सोपा. तो पुरुष आहे, बहुधा अंगावर फक्त एक उपरणे असते, डोक्यावर पंखांची रुंद काठाची टोपी असते आणि दुसऱ्या हातात पैशांची थैली असते. थैली आणि दंड एकत्र दिसले, तर दुसरा विचार करण्याचे कारण नाही. प्रजासत्ताकाच्या कांस्य नाण्यांपैकी सेक्स्तान्स या नाण्यावर त्याचे मस्तक आणि किमतीचे दोन ठिपके हा नेमच होता. चांदीच्या नाण्यांत गायुस मामिलियस लिमेतानुस या टांकसाळ-अधिकाऱ्याने इसवी सनापूर्वी ८२ मध्ये पाडलेले दिनारियस नवख्या माणसाने अवश्य पाहावे. त्याची कड करवतीसारखी दातेरी आहे. दर्शनी बाजूला टोपी घातलेला मर्क्युरी असून त्याच्या खांद्यामागून दंड डोकावतो. मागच्या बाजूला वीस वर्षांनी घरी परतलेला ग्रीक कथांतील वीर युलिसिस काठी टेकत चालला आहे आणि त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस त्याला ओळखतो आहे. मामिलियस घराणे आपली वंशावळ युलिसिसपर्यंत नेत असे आणि युलिसिसची आई मर्क्युरीच्या नातवंडांतील होती. म्हणजे येथील दंड शांततेचा किंवा व्यापाराचा नसून कुळाच्या मूळपुरुषाची ओळख आहे. एवढ्या छोट्या पत्र्यावर कुत्र्याच्या उचललेल्या मानेपर्यंत सारे काही कोरणाऱ्या त्या अनाम कारागिराबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सम्राटांच्या काळात मर्क्युरी तुलनेने विरळ आहे, आणि म्हणून तो जेथे येतो तेथे कारण शोधावे. सम्राट मार्कुस ऑरेलियसच्या इसवी सन १७३ च्या सुमाराच्या पितळी नाण्यांवर मर्क्युरीचे देऊळ दिसते. त्याच्या दर्शनी कमानीत कासव, कोंबडा, मेंढा यांसारख्या त्या देवाच्या खुणांबरोबर दंडही कोरला आहे. डॅन्यूब सीमेवरील युद्धात तहानेने व्याकूळ झालेल्या रोमन सैन्यावर अकस्मात पाऊस कोसळला, आणि अर्नूफिस नावाच्या इजिप्शियन मांत्रिकाने मर्क्युरीला आवाहन केल्यामुळे तो आला, अशी हकीकत इतिहासकार दिओ कास्सियसने दिली आहे. या नाण्यांचा संबंध अभ्यासक त्या घटनेशी जोडतात. तिसऱ्या शतकात हेरेन्नियस एत्रुस्कुस या युवराजाच्या आणि पुढे सम्राट नुमेरियनच्या नाण्यांवर थैली-दंड घेतलेला मर्क्युरी आहे, पण भोवतीचे शब्द ‘पिएतास’, म्हणजे धर्मनिष्ठा, असे आहेत. चित्र आणि शब्द यांचा असा बेबनाव दिसला, तर आपले वाचन चुकले असे लगेच समजू नये.

फेलिकितास ही सुखसमृद्धीची देवता आहे आणि सम्राटांच्या नाण्यांवरील दूतदंडांपैकी बहुतेक तिच्याच हातात असतात. तिच्या उजव्या हातात दंड आणि डाव्या हातात समृद्धिशृंग, म्हणजे फळांनी भरलेले शिंग, ही नेहमीची मांडणी. प्रतिमा प्रेक्षकाच्या डावीकडे पाहत असेल, तर तिचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे वर्णने वाचताना विसरू नये. खरी अडचण अशी, की डाव्या हातात समृद्धिशृंग घेतलेल्या अनेक देवता रोमन नाण्यांवर आहेत आणि त्यांची ठेवण एकच आहे. त्यांच्यातील भेद केवळ उजव्या हातावर अवलंबून असतो : तराजू असेल तर एक्वितास, खाली टेकवलेले सुकाणू असेल तर फोर्तूना, कणसे असतील तर अन्नोना, पसरट पात्र असेल तर कोन्कोर्दिया, आणि दूतदंड असेल तर फेलिकितास. यांतील एक्वितास आणि फेलिकितास यांचा घोटाळा सर्वांत जास्त होतो. त्यासाठी वस्तू कोणत्या दिशेने जाते ते पाहावे. तराजूची पारडी हातातून खाली लोंबतात. दंडाचे वळसे हाताच्या वर असतात. मुठीच्या वर काहीही नसेल आणि खाली दोन ठिपके असतील, तर ती एक्वितासच.

पाक्स ही शांततादेवता. तिची मुख्य खूण ऑलिव्हची फांदी आहे, दंड ही दुय्यम खूण आहे; त्यामुळे फांदी आणि दंड दोन्ही असतील, तर आधी पाक्सचा विचार करावा. दंडासह पाक्स दिसणाऱ्या नाण्यांत दोन मला विशेष महत्त्वाची वाटतात. ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढे पहिला सम्राट ऑगस्टस झालेल्याने, इसवी सनापूर्वी २८ मध्ये आशियातील प्रांतासाठी पाडलेल्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर हातात दंड घेतलेली पाक्स उभी आहे, शेजारी पवित्र करंडीतून साप बाहेर पडतो आहे आणि भोवती लॉरेलच्या पानांचे कडे आहे. अँटनीचा पराभव केलेल्या अ‍ॅक्टियमच्या लढाईला तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि याच नाण्याच्या दर्शनी बाजूवर तो स्वतःला रोमन जनतेच्या स्वातंत्र्याचा कैवारी म्हणवतो. दुसरे नाणे सम्राट क्लॉडियसचे. त्यावर पंख असलेली एक स्त्री गळ्याजवळची वस्त्राची घडी चिमटीत धरून चालली आहे आणि हातातील दंड समोरच्या सापाकडे खाली रोखते आहे. शब्द ‘पाकी आउगुस्ताए’, म्हणजे ऑगस्टसच्या शांततेला, असे असले, तरी वस्त्राची घडी धरण्याची लकब नेमेसिस या दंडनीतीच्या देवतेची आहे. शांतता आणि अतिरेकाला मिळणारे शासन या दोन कल्पना एकाच प्रतिमेत आणण्याचे हे कौशल्य पुढच्या काळात सहसा आढळत नाही.

चौथी शक्यता म्हणजे हस्तांदोलन करणारे दोन उजवे हात, ज्यांच्या मधून दंड वर आलेला असतो. याचा अर्थ करार, विश्वास आणि त्यातून येणारे सुख. सम्राट व्हेस्पेशियनच्या ‘फिदेस’, म्हणजे विश्वास, या शब्दाच्या नाण्यांवर आणि अँटोनिनस पायसच्या दिनारियसवर दंडाबरोबर धान्याची कणसेही हातांत आहेत. इसवी सन २३८ मधील बाल्बिनुस आणि पुपियेनुस या जोड-सम्राटांच्या नाण्यांवर मात्र नुसते हात आहेत, दंड नाही. नुसत्या हातांना दूतदंडाच्या नाण्यांत मोजू नये.

तिसरी पायरी : शब्द वाचणे

नाण्याच्या कडेने जाणारा लेख बहुधा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि शब्द अर्ध्यावर तोडलेले असतात. ‘यू’ या अक्षराऐवजी सर्वत्र ‘व्ही’ कोरलेले असते, म्हणून ‘आउगुस्ती’चे संक्षिप्त रूप ए-व्ही-जी असे दिसते. दोन किंवा तीन सम्राट एकत्र राज्य करत असतील, तर शेवटचे जी दोनदा किंवा तीनदा येते, आणि त्यावरून नाण्याचा काळ लगेच मर्यादित होतो.

दूतदंडाबरोबर वारंवार येणारे शब्दसमूह थोडेच आहेत आणि ते पाठ करणे अवघड नाही. ‘फेलिकितास आउग’ म्हणजे सम्राटाचे सुखभाग्य, ‘फेलिकितास पुब्लिका’ म्हणजे जनतेचे सुख, ‘फेलिकितास तेम्पोरुम’ म्हणजे या काळाचे सुख, आणि ‘साएकुली फेलिकितास’ म्हणजे या युगाचे सुख. शेवटचे शब्द सम्राट एलागाबालुसची आजी यूलिया माएसा हिच्या दिनारियसवर येतात, जेथे देवता वेदीवर अर्घ्य देत असून दुसऱ्या हातात लांब दंड आहे. सम्राट प्रोबुसच्या नाण्यांवर तोच आशय ‘तेम्पोर फेलिकी’ अशा तुटक रूपात आढळतो. अनेक नाण्यांवर देवतेचे नावच नसते. तेथे फक्त सम्राटाची पदे मोजलेली असतात आणि देवता चित्रावरूनच ओळखावी लागते.

येथे एक सावधगिरी हवी. फेलिकितास हा शब्द आहे म्हणजे दंड असलाच पाहिजे, असे नाही. मार्कुस ऑरेलियसची पत्नी धाकटी फाउस्तीना हिच्या एका प्रसिद्ध दिनारियसवर युगाच्या सुखाचे शब्द आहेत, पण चित्र आसनावर बसलेल्या दोन तान्ह्या राजपुत्रांचे आहे. इसवी सन ३४८ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘फेल तेम्प रेपारातियो’, म्हणजे सुखाच्या काळाचे पुनरागमन, या कांस्य नाण्यांवर तर बहुतेक वेळा घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकणारा सैनिक आहे. चौथ्या शतकात दंड जवळजवळ नाहीसा झाला आणि शब्द मागे राहिले.

चौथी पायरी : वर्ष शोधून त्या वर्षात काय घडत होते ते पाहणे

माझ्या मते ही पायरी सर्वांत मोलाची आहे आणि नवखे लोक तीच टाळतात. शांततेचे चिन्ह दिसले म्हणून देशात शांतता होती, असे मानणे सयुक्तिक नाही. अनेकदा परिस्थिती याच्या नेमकी उलट असते.

याचे उत्तम उदाहरण प्रजासत्ताकाच्या शेवटच्या दोन दशकांत मिळते. इसवी सनापूर्वी ४९ च्या जानेवारीत सीझरने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली आणि यादवी सुरू झाली. त्याच वर्षी क्विन्तुस सिकिनियसने पाडलेल्या दिनारियसच्या दर्शनी बाजूवर रोमन जनतेच्या भाग्याचे मस्तक आहे आणि मागे खजुराची झावळी व पंखधारी दंड एकमेकांवर तिरके ठेवले आहेत, वर विजयाचा हार आहे. पुढच्या वर्षी, म्हणजे सीझरने प्रतिस्पर्धी पॉम्पेला हरवलेल्या फार्सालसच्या लढाईच्या वर्षी, देकिमुस ब्रूटस अल्बिनुस या सीझरच्या विश्वासू सहकाऱ्याने धर्मनिष्ठेच्या देवतेचे मस्तक आणि मागे दंड धरलेले दोन हात असे नाणे काढले. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लुकियस बुका याने सीझरच्या मस्तकाच्या मागे दंड, अधिकाराचा दांड्यांचा जुडगा, कुऱ्हाड, पृथ्वीचा गोल आणि मिळवलेले हात यांची गर्दी केली. त्या वर्षीच्या १५ मार्चला सीझरचा खून झाला आणि खुन्यांमध्ये दंड धरलेल्या हातांचे नाणे काढणारा देकिमुस ब्रूटस होता. ही तीन नाणी एका ओळीत ठेवून पाहिली, म्हणजे दंडाचा स्वर वर्षागणिक कसा बदलतो ते कळते : पहिल्यात आशा, दुसऱ्यात तडजोडीचे आवाहन, तिसऱ्यात एका माणसाच्या सत्तेचे वर्णन.

त्यानंतर इसवी सनापूर्वी ४० मध्ये ब्रुंडिसियम येथे सीझरनंतर सत्तेसाठी झगडणाऱ्या अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांचा तह झाला आणि ऑक्टेव्हियनची बहीण ऑक्टेव्हिया अँटनीला दिली गेली. पुढच्या वर्षी दोघांच्या नावांनी अर्ध्या दिनारियसच्या किमतीचे क्विनारियस नाणे निघाले. दर्शनी बाजूवर ऐक्यदेवता कोन्कोर्दिया, मागे दंड धरलेले दोन हात. हे नाणे आजही पुष्कळ उपलब्ध आहे, आकाराने लहान असल्यामुळे तुलनेने स्वस्त मिळते, आणि माझ्या दृष्टीने दूतदंडाच्या अभ्यासाची सुरुवात करण्यासाठी याहून योग्य नाणे नाही. ते हातांत असताना तह टिकला नाही हे आपल्याला ठाऊक असते. ते पाडणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

सम्राटांच्या काळातील एक नाणे याच पद्धतीने वाचून दाखवतो. तिबेरियसचा मुलगा द्रूसुस याच्या इसवी सन २२-२३ मधील मोठ्या पितळी सेस्तेर्तियसवर दोन समृद्धिशृंगे एकमेकांना छेद देऊन उभी आहेत, प्रत्येकातून एका लहान मुलाचे डोके वर आले आहे आणि मध्ये पंख असलेला दंड आहे. ही मुले द्रूसुसची जुळी मुले होत. घराण्याचा वारसा सुरक्षित आहे, आता पुढच्या पिढीपर्यंत सुख ठरलेले आहे, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात इसवी सन २३ मध्ये द्रूसुस मरण पावला आणि त्याच वर्षी जुळ्यांपैकी एक मूलही गेले. वर्ष न पाहता हे नाणे वाचले, तर ते एक गोंडस चित्र उरते.

वर्ष काढायचे ते दोन पदांवरून. ‘त्र प’ या अक्षरांनी दाखवलेले लोकाधिकाऱ्याचे पद सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळे, म्हणून त्यापुढील आकडा बहुधा राज्याचे वर्ष सांगतो. ‘कोस’ म्हणजे तो किती वेळा कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च वार्षिक अधिकारी, झाला. सम्राट फिलिपच्या लांब दंड घेतलेल्या फेलिकितासच्या नाण्यावर पहिल्या पदापुढे चार आणि दुसऱ्यापुढे दोन असे आकडे असतील, तर ते वर्ष इसवी सन २४७, म्हणजे रोम नगरीच्या सहस्राब्दीच्या उत्सवाच्या आदले वर्ष. दोनच वर्षांनी देकियसशी झालेल्या लढाईत फिलिप मारला गेला.

छोट्या दंडाविषयी

प्रजासत्ताकाच्या काही दिनारियसवर मुख्य चित्राच्या बाजूला किंवा घोड्यांच्या पायांखाली अगदी लहान दूतदंड असतो. तेथे त्याचा शांततेशी संबंध जोडू नये. नांगर, चक्र, तारा, कणीस यांच्याप्रमाणेच तो टांकसाळीने एखादा संच किंवा साचा ओळखण्यासाठी वापरलेली खूण असतो. चिन्ह चित्राचा भाग आहे की चित्राबाहेरची खूण आहे, हे ठरवताना एक कसोटी पुरते : ते काढून टाकले तर चित्र अपुरे वाटते का, हे पाहावे.

भारतीय वाचकांसाठी दोन गोष्टी

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांच्या दिनारियसचे प्रमाण फार मोठे आहे. तिबेरियसच्या नाण्यावरील बसलेल्या स्त्रीच्या एका हातात फांदी आणि दुसऱ्या हातात उभी काठी असते; ती काठी साधा राजदंड आहे, दूतदंड नव्हे. दुसरीकडे, भारताच्या वायव्य भागातील ग्रीक राजांच्या तांब्याच्या नाण्यांवर दूतदंड खरोखरच आहे. पहिल्या दिमित्रियसच्या नाण्यावर एका बाजूला गळ्यात घंटा बांधलेल्या हत्तीचे डोके आणि दुसऱ्या बाजूला मोठा दूतदंड आहे, आणि शक राजा मोअ याने तीच जोडी पुढे उचलली. ही परंपरा ग्रीकांकडून थेट आलेली आहे, रोममार्गे आलेली नाही, म्हणून रोमन कोष्टकांत ही नाणी शोधण्यात वेळ घालवू नये.

संग्रह करणाऱ्याने कायदाही जाणून घ्यावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नाणे विकत घेताना पूर्वीच्या मालकीचे कागद मागावेत आणि कोणत्याही नाण्याला आम्ल, चिंच किंवा घासणी लावू नये. दंडाचे वळसे सर्वांत आधी त्यानेच जातात.

पाचवी पायरी : नोंद लिहिणे

ओळख पटली असे वाटले तरी ती लिहून काढल्याशिवाय पक्की होत नाही. नोंदीत धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे लेख जसे दिसतात तसे, प्रतिमेची दिशा, उजवा हात, डावा हात, दंडाचा प्रकार आणि अंदाजे वर्ष यांचा उल्लेख असावा. न दिसणारी अक्षरे कंसात घालावीत, अंदाजाने भरून टाकू नयेत. त्यानंतर अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या विनामूल्य ऑनलाइन कोष्टकांत सम्राटाचे नाव व ‘कॅड्यूसिअस’ हा शब्द एकत्र घालून शोध घ्यावा. आपली नोंद आधी आणि शोध नंतर, हा क्रम उलटा करू नये, कारण कोष्टकातील वर्णन वाचल्यावर डोळ्यांना नाण्यावर नसलेले वळसेही दिसू लागतात.

सेव्हेरस अलेक्झांडरची आई यूलिया मामाएआ हिच्या नाण्याची नोंद नमुन्यादाखल देत आहे : ‘चांदीचे दिनारियस, इसवी सन २२२ ते २३५ दरम्यान. दर्शनी बाजू : मामाएआचे उजवीकडे पाहणारे मस्तक, केसांत मुकुटपट्टी, लेख यूलिया मामाएआ आउग. मागची बाजू : फेलिकितास समोर उभी, चेहरा डावीकडे, पाय एकमेकांवर टाकलेले, उजव्या हातात आखूड दूतदंड, डावे कोपर खांबावर टेकलेले, समृद्धिशृंग नाही, लेख फेलिकितास पुब्लिका. दंडाचा खालचा वळसा स्पष्ट, वरचा झिजलेला.’ शेवटचे वाक्य नवखे लोक गाळतात. ते लिहिले असेल, तर हीच नोंद वर्षभराने वाचणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकाला, किंवा आपल्यालाच, ओळख कशाच्या आधारावर केली होती ते तपासून पाहता येते.